उजेडात फुटणारा पापुद्रा

१८ मार्च १९७४, सोमवार. काम: दोन डझन अंडी फोडून पिवळा बलक वेगळा करणे.

हे काम मी दर सोमवारी करत असे. प्रयोगशाळेत इतर मंडळी अकराच्या सुमारास येत, तोवर बेसिन मोकळं असे. पांढरं टाकून द्यायचं, पिवळं चंचुपात्रात घ्यायचं, त्यावर अ‍ॅसिटोन ओतून ढवळत राहायचं. कवचं वर्तमानपत्रात गुंडाळून लगेच बाहेरच्या कचरापेटीत, नाहीतर दुपारपर्यंत मुंग्या. आमच्या घरी अंडं खात नाहीत, माहेरीही खात नसत. चाळिशीला टेकल्यावर मी अंडं फोडायला शिकले आणि आठवड्याभरात हात बसला. त्यात अवघड असं काही नाही.

अंडी हवी होती ती लेसिथिनसाठी. लेसिथिन म्हणजे पेशीच्या आवरणात असते ती एक प्रकारची चरबी. परदेशातून बाटलीबंद मिळते, पण तिच्या आयातीचा परवाना येईपर्यंत माणूस म्हातारा झाला असता. म्हणून अंडी.

माझा विषय असा होता. टेफ्लॉनच्या भांड्याला टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडायचं. भांडं मिठाच्या पाण्यात ठेवायचं. लेसिथिनच्या द्रावणात बुडवलेला बारीक कुंचला पाण्याखालीच त्या भोकावरून एकदा फिरवायचा. भोकावर एक पापुद्रा ताणला जातो. आधी त्यावर साबणाच्या फुग्यासारखे रंग दिसतात, मग रंग विरत जातात आणि पापुद्रा काळा पडतो. काळा पडला म्हणजे तो दोन रेणूंइतकाच जाड उरला. पेशीची कातडी साधारण तेवढीच असते. मग एका बाजूने स्क्रूच्या सिरिंजने पाणी हळूहळू ढकलायचं. पुरी फुगावी तसा पापुद्रा फुगतो आणि एका क्षणी फुटतो. किती दाबाला फुटला ते टिपून ठेवायचं.

द्रावणात रोझ बेंगाल नावाचा गुलाबी रंग मिसळला, की अंधारात काहीही फरक पडत नाही. पापुद्रा आधी सोसत होता तेवढाच दाब सोसतो. पण त्यावर उजेड टाकला की रंग जागा होतो, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन चिडतो आणि चरबीच्या रेणूंना जागोजागी डसतो. पापुद्रा दिसायला तोच, तसाच काळा, पण आतून पोचट झालेला. थोड्याशा दाबालाही फुटतो. किती रंगाला, किती उजेडाला, किती पोचट होतो, हे मला सांगायचं होतं. पीएचडीसाठी एवढं पुरे होतं.

मोजमापं जुळत मात्र नव्हती. एका आठवड्यात उजेड पडताच पापुद्रा पटकन मान टाकी, पुढच्या आठवड्यात तोच रंग, तोच दिवा आणि पापुद्रा ढिम्म. आमचे सर चांगले माणूस होते, पण त्यांचं एक मत ठरलेलं होतं. ते म्हणत, "यू सी, हे कुंचल्याचं काम आहे. हात लागतो. तुमचा हात अजून बसलेला नाही."

मी हाताच्या मागे लागले. आमच्या इमारतीसमोरून ट्राम जाई आणि ती गेली की पापुद्रा फुटे. म्हणून एक दगडी फरशी आणून तिच्याखाली सायकलच्या ट्यूबा हवा भरून ठेवल्या आणि भांडं तिच्यावर मांडलं. बंदच्या दिवशी ट्रामा नसत. त्या दिवसांत काम छान होई, म्हणून बंद असला की मी चालत जाई. दिव्याची उष्णता पोचू नये म्हणून मध्ये पाण्याची काचेची पेटी ठेवली. वीज गेली की दिवसच फुकट. तोही हिशेब धरला. शेवटी हात कापू नये म्हणून चहा सोडला. सगळी प्रयोगशाळा दिवसभर भांडं भांडं चहा पीत असताना मी पाणी पीत बसे. हात स्थिर झाला. आकडे होते तसेच राहिले.

अंडी आणायचे माझे यजमान. ते बँकेत अधिकारी होते, कलकत्त्यात एस्प्लनेडला कचेरी. बदली होऊन कलकत्त्याला आलो तेव्हा पहिलं वर्षभर सासूबाई आमच्याकडे होत्या. त्यांच्या कानावर अंडं हा शब्द जाऊ नये म्हणून आम्ही त्याला 'सोमवारचं सामान' म्हणत असू. सासूबाई परत गेल्यावरही शब्द तोच राहिला. सामान घरात यायचं नाही, घरात त्याविषयी बोलायचं नाही. सोमवारी आम्ही दोघं लवकर निघत असू. एस्प्लनेडला उतरून मी उत्तरेकडच्या ट्राममध्ये जागा धरून बसे आणि ते बाजारात जाऊन पिशवी आणत, ती खिडकीतून माझ्या हातात देत. त्यांनी जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. पहिल्यांदा पिशवी देताना म्हणाले, "मोठी बघून घेतली. लहान लहान पण होती, ती नाही घेतली."

"बरं केलंत," मी म्हटलं.

त्या मार्च महिन्यात त्यांच्या बदलीचा हुकूम हातात आला होता. जबलपूर, मे महिन्यापासून. आमचं ठरलं होतं ते असं: त्यांनी पुढे जायचं. मुलगी आणि मी वर्ष संपेपर्यंत इथेच राहायचं, भवानीपूरला एका मराठी शिक्षिकेकडे खोली घेऊन. सर डिसेंबरात निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध दिला तर दिला. नाहीतर नवे मार्गदर्शक, नवी नोंदणी, आणि जबलपूरला ना तशी प्रयोगशाळा ना तसं भांडं. सगळी मोजमापं झालेली होती, त्यांतला चढउतार हाताचा दोष म्हणून लिहायचा होता. राहिलं होतं फक्त लिहिणं आणि एकदोन गोष्टी पुन्हा पडताळून पाहणं. अठरा तारखेची अंडी त्या पडताळणीसाठी होती.

त्या सोमवारी आमच्या प्रयोगशाळेतली एक मुलगी लवकर आली. ती बराकपूरहून येई आणि तिची लोकल कधी वेळेवर नसे. पण त्या दिवशी गाड्या बंद पडणार अशी अफवा होती म्हणून तिने पहाटेची पकडली. ती एन्झाइमवर काम करायची. मला दिदी म्हणे. इंग्रजी, बंगाली आणि थोडं हिंदी, अशा मिसळीत आमचं बोलणं चाले.

आली ती थेट बेसिनपाशी. "दिदी, नाश्ता करताय? मला पण एक."

"अ‍ॅसिटोन घालून देते," मी म्हटलं.

ती हसली. मग वर्तमानपत्रावरची कवचं पाहून म्हणाली, "आज हाँसेर डिम का आणलीत?"

"आज म्हणजे? आणि हाँसेर म्हणजे?"

"हाँस. बदक. ही अंडी बदकाची आहेत ना."

मी हातातलं अंडं खाली ठेवलं. "कुठली?"

तिने पिशवीतून एक काढलं, मग दुसरं. "हे बदकाचं. हेपण. हे मुरगीचं. हेपण बदकाचं." चार-पाच झाल्यावर तिला माझ्या चेहऱ्यावरून काही कळलं असावं. तिचा आवाज खाली आला. "दिदी, तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. बटाटे लहानमोठे असतात तशी अंडीही लहानमोठी असतात असं मी धरून चालले होते. माझ्या सगळ्या पुस्तकांत 'अंड्याचं लेसिथिन' एवढंच लिहिलेलं असे. कोणाचं अंडं, हे लिहायची त्यांना गरज वाटत नव्हती.

तिने स्टुलावर बसून सगळी पिशवी दोन ढिगांत वेगळी केली. मोठा ढीग बदकाचा होता. "नेहमी अशीच येतात?"

"नेहमी जी मिळतील ती. मोठी असली तर मोठी."

"पण प्लेटवर तपासलंत ना?"

तपासलं होतं, दर वेळी. सिलिकाच्या प्लेटवर शुद्ध लेसिथिनचा एकच ठिपका येतो. तो एकच आला होता. दोन्ही पक्ष्यांचा ठिपका एकाच जागी येतो, त्यावरून काही कळत नाही. आत कुठली मेदाम्लं आहेत ते सांगणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. बदक तळ्यात शंखशिंपले खात फिरतं, कोंबडी दाणे खाते. चरबी वेगळी होणारच. ज्या चरबीत दुहेरी बंध जास्त, तिला चिडलेला ऑक्सिजन आधी खाणार. हे मला एम.एस्सी.पासून ठाऊक होतं.

पुढचा आठवडा मी एवढंच केलं. एक बाटली नुसत्या कोंबडीची, एक नुसत्या बदकाची. तीच फरशी, तोच दिवा, तोच कुंचला. पुन्हा पुन्हा पापुद्रे ताणले. कोंबडीच्या चरबीवर रंगाचा आणि उजेडाचा परिणाम होत होता, पण बेताचा. बदकाची चरबी दिवा लावल्यावर बघता बघता पोचट होत होती. आणि एका बाटलीतली मोजमापं एकमेकांशी इतकी जुळत होती, की मी दाबाचा आकडा आधी मनात म्हणून ठेवे आणि पापुद्रा त्याच्या आसपासच फुटे. हात चांगला होता. बहुधा पहिल्या वर्षापासून चांगला होता. ते कळून काही उपयोग नव्हता.

शुक्रवारी सरांकडे गेले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मध्ये एकदा हसले. मग हसू आवरलं आणि चष्मा पुसत बसले.

"जुन्या बाटल्यांत कुठली अंडी होती ते सांगता येईल?"

"नाही. एकेका बाटलीत दोन्ही होती. किती किती, ते माहीत नाही."

"तुमच्या मिस्टरांना आठवत असेल?"

"सर, त्यांना बदक अंडं देतं हे तरी माहीत असेल की नाही, शंका आहे."

सर खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "ऐका. ज्या आठवड्यांचे आलेख सुबक आहेत ते ठेवा. उजेड वाढतो तशी ताकद घटते, स्पष्ट दिसतं. बाकीचे वगळा. प्रत्येक जण काही ना काही वगळतो. पद्धतीच्या प्रकरणात लिहा, कोंबडीची ताजी अंडी. तोंडी परीक्षेला कोणी अंडं फोडून बघत नाही."

"सुबक आलेख बदकाचे आहेत सर."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"या आठवड्यात पाहिलं. एवढी ताकद फक्त बदकाची घटते."

"मग बदक लिहा."

"ते नुसत्या बदकाचेही नाहीत."

त्यांनी हात टेबलावर ठेवले. "मी तुमच्या भल्याचं सांगतोय. डिसेंबरनंतर मी इथे नाही. तुम्हीही नाही. विचार करा. सोमवारी सांगा."

मी विचार केला. शनिवार-रविवार स्वयंपाक करताना, कपडे धुताना तोच केला. त्यात थोर असं काही नव्हतं. पुढे कोणीतरी, मद्रासला म्हणा, मुंबईला म्हणा, कोंबडीची अंडी आणून माझा आकडा काढायला बसेल. त्याला तो यायचा नाही. तो पुन्हा काढेल, मग पुन्हा. त्याचे सर त्याला सांगतील, तुझा हात बसलेला नाही. तो माणूस चहा सोडेल. मला हे एवढं स्पष्ट दिसत होतं की पुढे विचार करायला काही उरलंच नाही. सगळं पहिल्यापासून करायचं तर आठवड्याला एकदोन बाटल्या, त्यात ट्रामा, त्यात वीज. डिसेंबरपर्यंत निम्मंसुद्धा झालं नसतं. हे मी उलटसुलट करून पाहिलं. दर वेळी उत्तर तेच आलं.

सोमवारी सरांना सांगितलं की प्रबंध देत नाही. ते म्हणाले, "जबलपूरला काहीतरी मिळेल. कॉलेजात शिकवा." मी हो म्हटलं. बराकपूरची मुलगी दारापाशी उभी होती. मी बाहेर आल्यावर म्हणाली, "दिदी, राहा ना. मी मदत करते. अंडी मी आणते, मला ओळखता येतात."

"तुझं काम कोण करणार?"

"माझं एन्झाइम मेलंय," ती म्हणाली. "दोन महिने झाले." ती हसायला लागली आणि मग रडायला लागली. मी तिला माझा रुमाल दिला आणि फरशीखालच्या ट्यूबांतली हवा कशी राखायची ते दाखवलं. तिला ते कशाला लागणार होतं कोण जाणे. मला काहीतरी दाखवायचं होतं.

यजमानांना मी तोवर काही बोलले नव्हते. पण खोलीचं ठरवायचं होतं, भवानीपूरच्या बाई उत्तर मागत होत्या. म्हणून त्या संध्याकाळी जेवताना विषय काढला. मुलगी समोर होती. तिच्या आठवणीतलं सगळं कलकत्त्याचंच होतं आणि ती बंगाली आमच्यापेक्षा चांगलं बोलायची.

"अहो, सोमवारचं सामान तुम्ही कोणाकडून घेत होता?"

"बाजारात. कोपऱ्यावरचा. का, खराब निघालं?"

"खराब नाही. बदकाचं निघालं."

त्यांनी घास चावून संपवला. "म्हणजे?"

"म्हणजे अर्धी कोंबडीची, अर्धी बदकाची. सगळी चार वर्षं."

"बदकं अंडी घालतात हे मला माहीत होतं," ते सावकाश म्हणाले. "माणसं ती विकत घेतात हे नव्हतं माहीत."

मुलगी मध्येच म्हणाली, "बाबा, हाँसेर डिम तर मोठा असतो. माझ्या वर्गात सगळ्यांच्या डब्यात असतो."

आम्ही दोघं तिच्याकडे बघायला लागलो.

"तुला ओळखू येतं?" मी विचारलं.

"कोणालाही येतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठे दाखवलात? घरी डिम म्हटलं की तुम्ही दोघं शू शू करता." तिने आमटी वाढून घेतली. "आजी असताना तर मी एकदा मार खाल्लाय."

यजमान म्हणाले, "मग आता?"

"आता काही नाही. प्रबंध होत नाही."

"मी भेटू का तुमच्या सरांना? मी सांगतो, चूक माझी आहे. बँकेच्या लेटरहेडवर हवं तर लिहून देतो."

"काय लिहून द्याल? बदकांच्या वतीने?"

ते हसले नाहीत. मलाही तसं हसायचं नव्हतं. मग म्हणाले, "तू राहा तरी. ठरल्याप्रमाणे. मी तिकडे मेस बघतो. वर्ष काय, बघता बघता जाईल."

"कशासाठी राहू?"

खरं तर त्यांनी रागवावं असं मला वाटत होतं. एवढी शिकलेली आणि तुला अंडं ओळखता आलं नाही, असं काहीतरी. मग मलाही बोलता आलं असतं. पण ते ताट उचलून मोरीत ठेवून आले. हे ते कधी करत नसत. मग बाहेरच्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र उघडून बसले. पान उलटल्याचा आवाज काही आला नाही.

मुलगी म्हणाली, "म्हणजे मला पण जबलपूरला जायचं?"

"हो."

"तिथे कोण बोलणार माझ्याशी?"

"हिंदी येतं तुला."

"ते येतं," ती म्हणाली आणि ताटातल्या भाताकडे बघत राहिली. मी तिला ताक वाढलं. भांडी घासली, ओटा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत गेले नाही. भवानीपूरच्या बाईंना शेजाऱ्यांकडून फोन करून खोली नको म्हणून सांगितलं. मुलीला शाळेत सोडलं आणि रेल्वेच्या आरक्षण कचेरीत जाऊन बायकांच्या रांगेत उभी राहिले. यजमानांचं एक तिकीट आधीच काढलेलं होतं. त्यांच्या गाडीत आणखी दोन हवी होती. खिडकीतला माणूस म्हणाला, त्यांच्या डब्यात जागा नाही, दुसऱ्या डब्यात वरचे दोन बर्थ आहेत, घ्यायचे असतील तर आत्ताच घ्या.

मी घेतले.